१२९५ सालच्या कुंभाराच्या घरात नेमकं काय काय ठेवायचं? (गेमसाठी विचारतोय, आजीनं नापास केलंय)

देवगिरी_डेव्ह

राम राम मंडळी. मी आणि माझे दोन मित्र मिळून एक छोटा गेम बनवायलोय, नोकऱ्या सांभाळून रात्रीचं जागून, त्यामुळं दीड वर्ष झालं तरी अजून एकच गाव उभं राहिलंय. गाव म्हणजे देवगिरीच्या पायथ्याचं एक कल्पनेतलं खेडं, साल १२९५, म्हणजे दिल्लीकडून अल्लाउद्दीन खिलजी चालून यायच्या एक वर्ष आधीचं. खेळणारा हा कुंभाराचा पोरगा. तलवारबिलवार काही नाही, मडकी घेऊन किल्ल्यावर जायचं, बाजार करायचा, लोकांच्या घरात जायचं आणि तिकडं काहीतरी बिघडायलंय हे हळूहळू त्याच्या कानावर येत राहतं, असं.

आता अडचण सांगतो. पैसे नव्हते म्हणून आम्ही एक तयार 'मेडिव्हल' (मध्ययुगीन) असेट पॅक, म्हणजे गेममध्ये टाकायच्या तयार वस्तूंचा संच, घेतला. उघडून बघतो तर लाकडी पिंपं, मेणबत्त्या, उंच टेबल, बाकडी, हँडलवाले मोठे मग, भिंतीवर हरणाचं मुंडकं. मेडिव्हल म्हणलं की जगाला फक्त युरोप दिसतो राव. ते सगळं काढून टाकलं आणि मी मनानं आठवून आठवून वस्तू बनवल्या, आमच्या गेवराईकडच्या घरात लहानपणी बघितलेल्या. चूल, जातं, पाटा-वरवंटा, कोपऱ्यात चरखा, दारावर लिंबू-मिरची, झेंडूचं तोरण, सुतळीची बाज, खुंटीला कंदील. स्क्रीनशॉट जोडलेत.

कंदील सोडून बाकी बरोबर असेल असं वाटलं होतं. (कंदील का ठेवला विचारू नका, रात्रीचे तीन वाजले होते.)

मग आजीला दाखवलं. आजीचं वय ८३, मोबाईलवर फक्त कीर्तन ऐकते. तिनं चष्मा लावून दोन मिनिटं बघितलं आन् म्हणली, चुलीला वैल (बाजूची जोडचूल) कुठाय? फुंकणी कुठाय? आन् एवढा जाळ लावलाय तर धूर जातो कुठून, माळवदाला (मातीच्या सपाट छताला) भोक ठेवलंस का? मग म्हणली, हे घर कुणी राहतंय असं वाटंना, सगळं नवं कोरं, जशी काय वास्तुशांती आज झालीय.

तर विचारायचं असं की आजीच्या म्हणण्याप्रमाणं दुरुस्त केलं तर चालंल का? म्हणजे खेड्यातलं घर तसंही फारसं बदललेलं नव्हतं ना, शंभर वर्षांपूर्वी काय आणि सातशे वर्षांपूर्वी काय. का यादवकाळासाठी वेगळं काही बघावं लागंल? आणि बघायचं तर कुठं? पुस्तकात सगळीकडं राजे आणि लढायाच आहेत, कुंभाराच्या बायकोनं पीठ कशात मळलं ते कोणीच लिहीत नाही.

---

बालाघाट_बोका

भावा आयडिया जबरदस्त, पण तुझ्या आजीच्या घरातली निम्मी वस्तू जहाजातून आलेली आहे हे आधी ऐक.

मिरची. मिरची अमेरिकेतली, पोर्तुगीजांनी आणली, आणि वास्को द गामा कालिकतला उतरला तेच मुळात १४९८ ला. म्हणजे तुझ्या कुंभाराच्या घरात ठेचा नाही. दारावर लिंबू-मिरची नाही. मी स्वतः हे पहिल्यांदा कॉलेजात ऐकलं तेव्हा दोन दिवस जेवण गोड लागंना, मिरचीशिवाय मराठवाडा ही कल्पनाच सहन होत नाही, पण होता बाबा. तिखटपणा मिऱ्याचा, आल्याचा, पिंपळीचा. दारावर काही टांगायचंच असंल तर बिब्बा टांग, तो आपल्याच रानातला आहे.

झेंडू पण गेला. तो मेक्सिकोकडचा. तोरण आंब्याच्या पानाचं कर. बटाटा, टमाटा, शेंगदाणा, मका, लाल भोपळा, पेरू, पपई, तंबाखू हे सगळं त्याच वाटेनं नंतर आलेलं. शेंगदाणा नाही म्हणजे शेंगदाण्याचं तेल पण नाही, दिव्यात आणि भाजीत तिळाचं, करडीचं, जवसाचं, एरंडीचं तेल. सीताफळ, ज्याच्यावर आमच्या बालाघाटचा एवढा अभिमान, त्याचं मूळ पण अमेरिकेतलंच सांगतात. हे लिहिताना जीवावर आलंय.

आता घराबाहेर ये. तुझ्या स्क्रीनशॉटमध्ये बांधावर घायपात दिसायलंय आणि टेकडीवर फड्या निवडुंग. दोन्ही अमेरिकेतले. वेडी बाभूळ पण काढ, घाणेरी काढ, गुलमोहर तर काढच, तो मादागास्करचा आहे. घायपात गेली की दोर कशाचा हा प्रश्न येतो, तर दोर अंबाडीचा आणि तागाचा, तुझी बाज त्यानंच विण. शेतात सोयाबीनसारखं दिसणारं जे बुटकं हिरवं पसरवलंयस ते बघून हसू आलं, ते तर आपल्या बापाच्या काळात आलं. शेतात ज्वारी लाव, पण आताची संकरित बुटकी नको, जुनी देशी ज्वारी माणसाच्या डोक्यावर जायची, आत शिरला तर दिसायचा नाही. लपाछपीचा सीन आपोआप तयार.

म्हणजे बघ, वगळायचं ते सोपं आहे. ठेवायचं काय ते बाकीचे सांगतील, मी शेतकरी माणूस.

---

फक्त_बॉसफाईट

मला एक कळंना, हे सगळं बघतो कोण? गेम खेळणारा पोरगा घरात शिरतो, मडकं फोडतो, नाणं उचलतो, पुढं जातो. झेल्डा नावाच्या गेममध्ये इतकी वर्षं लोक मडकीच फोडायलेत. झेंडू मेक्सिकोचा का मेहकरचा, कुणाला पडलंय? दीड वर्षात एक गाव झालंय म्हणतो, असंच करत बसला तर अल्लाउद्दीन यायला २०४० उजाडंल.

---

परभणी_पिक्सेल

बॉसफाईट, तुझं निम्मं बरोबर आहे आणि ते मी खाली लिहितोच, पण आधी एक. किंगडम कम डिलिव्हरन्स नावाचा गेम, २०१८ चा, १४०३ सालच्या बोहेमियात घडतो, तो लोकांनी का डोक्यावर घेतला? त्यात तू लोहाराचा पोरगा आहेस, भूक लागते, कपडे मळतात, मळक्या कपड्यानं गेलास तर समोरचा नीट बोलत नाही. म्हणजे कपडा ही नुसती शोभेची वस्तू राहिली नाही. आणि पेंटिमेंट बघ, २०२२ चा, सोळाव्या शतकातल्या बव्हेरियातल्या एका गावाचा, त्यात वेगवेगळ्या घरात जेवायला बसावं लागतं आणि ताटात काय पडलंय ह्याच्यावरून कळतं की हे घर गरिबाचं का खात्यापित्याचं. एक शब्द न बोलता. खेळणाऱ्याला वस्तू हातात घ्यावी लागली की तो बघतो, नुसती कोपऱ्यात ठेवली की नाही बघत.

आता बॉसफाईटचं बरोबर असलेलं निम्मं. देवगिरी_डेव्ह, तू शंभर वस्तू बनवू नकोस. मी पुण्यात हेच काम करतो, एका वर्षात टीमनं दोनशे प्रॉप बनवले आणि खेळणाऱ्यांनी लक्षात ठेवले चार. तुझ्याकडं तीन माणसं आहेत. दहा-बारा वस्तू निवड ज्यांना खेळणाऱ्याचा हात लागतो, त्या जीव लावून बनव. बाकी ओबडधोबड चालतात, अंधारात ठेव, तसंही माळवदाच्या घरात उजेड कुठं असतो.

आणि आजीचं शेवटचं वाक्य फ्रेम करून लाव. 'कुणी राहतंय असं वाटंना.' हा आमच्या धंद्यातला सगळ्यात मोठा रोग आहे. एक मडकं बनवायचं आणि चाळीस वेळा कॉपी करायचं, सगळ्यांची तीच चकाकी, तोच पोपडा त्याच जागी. चाकावरची मडकी कधी दोन सारखी नसतात. तीन आकार बनव, थोडं वाकडं-तिकडं कर, काही बुडाला काळी, काही कानाला फुटकी, एक फुटक्या बुडाचं उलटं ठेवलेलं आणि त्याच्यावर कोंबडी बसलेली. रांजणाच्या खाली ओल दाखव. भिंतीला हात टेकून उठतात तिथं डाग. जात्याभोवती पिठाची पांढरी रेघ. ह्याला पॉलिगॉन (कॉम्प्युटरवर आकार बनवायचे त्रिकोण-चौकोन) लागत नाहीत, नजर लागते. आणि उतरंड कर उतरंड! एकावर एक मडकी, मोठ्यापासून लहानापर्यंत. पिंपाच्या जागी ही उतरंड आली की पहिल्याच फ्रेमला कळतं की हे युरोप नाही.

---

मांजराकाठचा

उशिरा आलो, सगळं वाचलं. आमच्या बोकाभाऊंनी काय काढायचं ते छान सांगितलं. मी तुमच्या मूळ प्रश्नाकडे येतो, कारण त्यातच एक गोम आहे.

तुम्ही म्हणता खेड्यातलं घर फारसं बदललं नाही. हे वाक्य आपण सगळेच सहज बोलतो आणि तिथंच फसतो. आजीचं घर हा पुरावा आहे, पण तो १९५० चा पुरावा आहे, १२९५ चा नव्हे. आजी जे सांगतात त्यातलं जातं, उखळ-मुसळ, काठवट, सूप, रोवळी, शिंकं, कणगी, पेव हे बेधडक ठेवा, ह्या वस्तू आहेतच तेवढ्या जुन्या. पण एकेक वस्तू तपासून, सरसकट नाही.

उदाहरण म्हणून तुमचा चरखा घ्या. आपल्याला वाटतं चरखा म्हणजे अनादि काळापासूनचा. पण सूत आधी टकळीवर, म्हणजे हातानं फिरवायच्या चातीवर, निघायचं. चरख्याचा भारतातला सगळ्यात जुना पक्का उल्लेख इरफान हबीब यांनी दाखवला तो १३५० च्या सुमाराचा, इसामीच्या फुतूह-उस-सलातीन ह्या फारसी काव्यातला. आणि गंमत अशी की हा इसामी आपल्याच भागातला म्हणायला हरकत नाही, कारण तुघलकानं १३२७ ला राजधानी देवगिरीला हलवली, तिचं दौलताबाद केलं, तेव्हा ह्याचं घराणं दिल्लीहून इकडं आलं. आजोबा नव्वदीचे, ते वाटेतच वारले. त्या काव्यात तो रझिया सुलतानाबद्दल लिहिताना बाईनं चरखा घेऊन बसावं असा टोमणा मारतो. म्हणजे १३५० ला चरखा इतका ओळखीचा झाला होता की टोमण्यात वापरता यावा. पण १२९५ ला तुमच्या कुंभारणीच्या कोपऱ्यात तो ठेवायला माझा हात धजणार नाही. तिच्या हातात टकळी द्या. चालता-बोलता, पोराला रागावता-रागावता ती कातते. चरख्यापाशी बसावं लागतं, टकळी घेऊन फिरता येतं, म्हणजे तुमच्या बाईची सगळी हालचालच बदलली की नाही?

कागदाचंही तसंच. दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्याचा हातकागद तुघलकाच्या काळापासूनचा सांगतात. तुमच्या १२९५ मध्ये लिहिणारा ताडपत्र काढेल.

आणि हो, किल्ला. आजचे फोटो बघून बनवला असेल तर चांदमिनार काढा, तो बहमनी काळातला, पंधराव्या शतकातला. मेंढा तोफ त्याहून नंतरची. तोफाच नाहीत तुमच्या सालात. वर शहाजहानच्या वेळची बारादरी आहे तीही नाही. कातळ, खंदक आणि अंधारी वाट, एवढ्यावर भागवा. यादव राजा भिल्लमानं ही जागा ११८७ ला राजधानीसाठी निवडली ती त्या कातळाकडं बघूनच.

कुठं बघायचं विचारलंत. दगड बघा. औंढा नागनाथ, धर्मापुरी, निलंगा, होट्टल, अन्वा, चारठाणा, ही सगळी देवळं त्याच एक-दोन शतकांच्या आगेमागची. लोक देव बघून परत येतात, तुम्ही भिंतीवरच्या सुरसुंदऱ्यांच्या, म्हणजे कोरलेल्या बायकांच्या, हातात काय आहे ते बघा. आरसा आहे, तो गोल, मागं मूठ असलेला, काचेचा नव्हे तर घासून चकचकीत केलेल्या धातूचा. दागिने, केशरचना, वाद्यं, आसनं सगळं आहे. गरिबाच्या घरासाठी वीरगळ, म्हणजे लढताना मेलेल्याच्या आठवणीची कोरीव शिळा, बघा. मारुतीच्या देवळामागं शेंदूर फासून उभी केलेली असते ना, कुणीतरी गाई वाचवताना मेलेला, त्यात ढाल-तलवार, धनुष्य, जनावरं दिसतात. सगळे वीरगळ एकाच काळातले नसतात एवढं लक्षात ठेवा.

पुस्तकात म्हणाल तर लीळाचरित्र. म्हाइंभटानं १२७८ च्या आसपास केलेलं, तुमच्या सालाच्या जेमतेम सतरा वर्षं आधीचं, आणि मराठीत. त्यात महानुभाव पंथाचे चक्रधर पैठणला, बीडला कुठंकुठं फिरतात, कुणाच्या ओसरीवर बसतात, कोण भिक्षा घालतं, काय खातात, कोण कुणाशी भांडतं. राजेरजवाड्यांपेक्षा हेच जास्त आहे. खाण्यासाठी मानसोल्लास, तो संस्कृतात, ११२९ च्या सुमारास चालुक्य राजा सोमेश्वरानं कल्याणीला लिहिलेला, म्हणजे आमच्या निलंग्या-उमरग्याच्या शेजारी. त्यात मांडे आहेत, वडे आहेत. पण तो राजाचा मुदपाकखाना, कुंभाराच्या घरी ज्वारीची भाकरी आणि अंबाडीची भाजीच शिजवा.

---

फक्त_बॉसफाईट

चरख्याचं मला माहीत नव्हतं. ओके. गप्प बसून वाचतो.

---

तेरणामाय

मी तेरजवळची, धातू-मातीच्या जुन्या वस्तू साफ करायचं, जोडायचं काम करते, म्हणून दोन गोष्टी राहवेना म्हणून लिहायले.

पहिली, कुणीतरी सांगेलच की तेरच्या लामतुरे संग्रहालयात जा. जा की, जरूर जा, मी पण म्हणते जा, पण तिथलं बरंचसं सातवाहनांच्या काळातलं आहे, म्हणजे तुमच्या कुंभारापासून हजार वर्षं मागचं. तिथले मातीचे आकार बघून जसेच्या तसे १२९५ ला आणून ठेवले तर ते तुमच्या त्या कंदिलासारखंच झालं, फक्त उलट्या बाजूनं. आणि पुण्याच्या केळकर संग्रहालयात अडकित्ते, दिवे सुंदर आहेत पण ते बहुतेक अलीकडच्या दोन-तीनशे वर्षांतले. काचेच्या पेटीत ठेवलेली वस्तू सगळी 'जुनी' दिसते, जुनी म्हणजे किती जुनी हे कार्डावर वाचायचं असतं.

दुसरी, तुमचा हिरो कुंभाराचा पोरगा आहे आणि अजून कुणी गोरोबाकाकांचं नाव घेतलं नाही म्हणजे कमाल आहे! गोरा कुंभार तेरचा, ज्ञानेश्वर-नामदेवांच्या काळातला, म्हणजे तुमच्या पोराचा समकालीन. ती गोष्ट माहिती आहे ना, सगळे संत जमलेत, मुक्ताबाई थापटण्याकडं (मडकं थापटायच्या लाकडी फळीकडं) बोट दाखवून विचारते हे काय, काका म्हणतात ह्यानं मडकं कच्चं का पक्कं ते कळतं, आणि मग एकेकाच्या डोक्यावर थापटणं मारत जातात, नामदेव तेवढा कुरकुरतो. गोष्ट नंतरची असो नाही तर कशी, पण ती ज्यानं रचली त्याला कुंभाराचं काम माहिती होतं. भाजलेलं मडकं बोटाच्या पेरानं वाजवलं की खणखणतं. कच्चं असलं, तडा गेलेला असला की बद्द वाजतं. आमच्याकडं बाजारात बाया अजून पण वाजवल्याशिवाय घेत नाहीत.

तर तुमच्या गेममध्ये मडकं फोडायचं नसून वाजवायचं ठेवा. पोरगा मडकी घेऊन किल्ल्यावर जातोय, गिऱ्हाईक वाजवून बघणार, भट्टी नीट लावली नसंल तर आवाजावरूनच कळणार, दाम कमी. चित्रापेक्षा आवाज मस्त काम करतो, आणि तेवढ्यासाठी पॉलिगॉन का काय म्हणतात ते पण लागणार नाहीत.

थापटणं नीट बनवा पण. लाकडाचं, चपटं, आणि आतून आधाराला दगडाचा किंवा मातीचा गोळा. चाकावर मडकं अर्धंच होतं, बूड उघडंच असतं, नंतर आतून गोळा लावून बाहेरून थापटून थापटून गोल करतात. युट्यूबवरचे लोक चाकावरून मडकं उचलतात आणि झालं म्हणतात, तसं दाखवलंत तर आमच्या गावातला कुंभार हसंल.

जनाबाई पण आपल्या गंगाखेडची, तिच्या नावच्या अभंगात दळण-कांडण आहे. मी दळताना म्हणायच्या ओव्या ऐकत मोठी झाले. जात्याजवळ नुसतं 'बटन दाबून धरा' असं करू नका, दोन बाया समोरासमोर बसून खुंटा धरतात, एकटी बाई लवकर थकते. दुसरं माणूस मागवावं लागंल असं ठेवा.

---

मांजराकाठचा

तेरणामाय, अगदी. फक्त एक शेपूट जोडतो, संतांचे अभंग आपल्या हातात आले ते पुढच्या काळातल्या वह्यांमधून, त्यामुळं अभंगात एखादी वस्तू आली म्हणून ती तेराव्या शतकातली असं लगेच धरू नये. जात्याला हरकत नाही, जातं कुणी नाकारणार नाही.

---

तेरणामाय

मान्य सर. पण मडक्याचा आवाज वहीतून आलेला नाही :)

---

परभणी_पिक्सेल

हे वाजवायचं प्रकरण मला लई आवडलं. डेव्ह, एक मडकं चार-पाच ठिकाणी वाजवून रेकॉर्ड कर, काठ, पोट, बूड. पक्कं, कच्चं, तडकलेलं असे तीन सेट. मग कोडमध्ये पिच थोडा वर-खाली करत राहा, चाळीस मडकी वेगळी वाटतील.

---

बालाघाट_बोका

नाण्यांचं कुणी बोललं नाही. मडकं विकून पोराला सोन्याचं नाणं मिळत असंल तर गेम तिथंच बंद करीन. यादवांचं पद्मटंक सोन्याचं होतं, मधी कमळ, पण कुंभाराच्या पोराला ते आयुष्यात एकदा तरी बघायला मिळंल का शंका आहे. त्याच्या पदरात दाणे, कवड्या आणि फार तर दाम. फुटकी कवडी म्हणतो ना आपण, ती खरीच कवडी होती राव, समुद्रातून यायची. बोरं विकत घ्यायला कवड्या मोजायच्या, मोजताना चुकायचं, दुकानदार ओरडायचा, हा एवढा मिनीगेम मला द्या.

---

देवगिरी_डेव्ह

बापरे. दोन दिवस ऑफिसात अडकलो होतो, आता बसून सगळं वाचलं, दोनदा वाचलं.

काय काय केलं सांगतो. झेंडू, मिरची, घायपात, कंदील, चांदमिनार उडवले. चरखा काढताना जीव तुटला कारण तो मॉडेल करायला मला अकरा दिवस लागले होते. मित्र म्हणाला साल बदलून १३४० करू, चरखा वाचंल, कागद पण मिळंल. खरं सांगू, एक रात्र त्याच्यावर विचार केला. पण मग सगळी गोष्टच दुसरी होते, दिल्लीहून चालत आलेल्या लोकांची. ती पुढच्या गेमला ठेवली, चरखा फोल्डरात झोपलाय.

आजीला मिरचीचं सांगितलं तर ती चिडली. म्हणली कोण म्हणतंय मिरची नव्हती, मग लोक भाकरीला काय लावून खायचे. म्हणलं तूच सांग. थोडा वेळ गप्प बसली, मग म्हणली, आमची सासू दुष्काळात जवसाची चटणी मिऱ्या घालून करायची, मिरची महाग झाली होती तेव्हा, तशी खात असतील. म्हणजे पाट्यावर आता जवस, मिरी, लसूण. तिला विचारून विचारून वाटायचा ॲनिमेशन करायलोय, वरवंटा पुढं ढकलताना अंगाचा भार कसा येतो ते तिनं उठून करून दाखवलं, मी फोनवर शूट केलं.

आता एक राहिलंय आणि तेच मला सगळ्यात जास्त खुणावतंय. १२९६ च्या वेढ्याची ती गोष्ट तुम्हाला माहीत असंल, फरिश्ता नावाच्या फारसी इतिहासकारानं लिहिलेली, की किल्ल्यावर घाईघाईनं धान्य म्हणून ज्या गोण्या चढवल्या त्या व्यापाऱ्यांनी कोकणातून आणलेल्या मिठाच्या निघाल्या. गोष्ट तीनशे वर्षांनंतर लिहिलेली आहे हे मला माहितीय, मांजराकाठचा सर रागावू नका. पण गेमसाठी ह्याच्यापेक्षा भारी वस्तू कुठली? एक गोणी! आमचा पोरगा मडकी घेऊन किल्ल्यावर जातोच, शेवटच्या भागात त्याला गोण्या वर न्यायला लावायच्या. गोणी कशी दिसायची, बैलाच्या पाठीवर कशी बसायची?

---

मांजराकाठचा

रागवत नाही. फरिश्ता ऐकीव लिहितो हे खेळणाऱ्याला कुठंतरी कळलं तर बरं, एखाद्या म्हाताऱ्याच्या तोंडी 'असं म्हणतात' घाला, झालं. गोण म्हणजे मुळात बैलाच्या पाठीवर दोन्ही बाजूंना लोंबणारी, तागा-अंबाडीची, जाड विणीची. गाडीरस्ता सगळीकडं नसायचा, लमाणांसारखे लोक बैलांचे तांडेच्या तांडे घेऊन जायचे. आताच्या शिवलेल्या, शिक्का मारलेल्या बारदान्यासारखी बनवू नका.

---

बालाघाट_बोका

मीठ आणि ज्वारी, दोन्हीची गोण हाताला वेगळी लागते भावा. मी हमाली केलीय. ज्वारीच्या पोत्यात मूठ घुसते, दाणे सरकतात, खांद्यावर घेतलं की पोतं खांद्याचा आकार घेतं. मिठाला ओल धरते, ढेप होते, खांद्याला टोचतं आणि कापड ओलसर लागतं. ज्यानं गोण्या चढवल्या त्या हमालाला कळलंच असणार, विचारलं कुणी नसंल त्याला.

---

फक्त_बॉसफाईट

थांबा थांबा. म्हणजे खेळणारा पोरगा पोतं उचलतो, चालायचा स्पीड थोडा वेगळा, आवाज वेगळा, खांद्यावर ओल्या डागाचं टेक्स्चर. गेम काहीच सांगत नाही. ज्यानं आधी धान्याची पोती नीट वाहिलीत त्यालाच कळतं की काहीतरी गडबड आहे. आणि सांगायला गेला तर शिपाई ऐकत नाही.

मी हा गेम खेळणार. मोठ्या शत्रूशी शेवटची लढाई, म्हणजे बॉसफाईट, नसली तरी.

---

तेरणामाय

कुंभाराच्या पोराला तर कळणारच. आयुष्यभर वाजवून बघायची सवय.

---

देवगिरी_डेव्ह

बॉसफाईट, तुझी कल्पना उचलली, क्रेडिट्समध्ये ह्याच नावानं टाकतो, आक्षेप असंल तर आत्ताच सांग.

रविवारी गावाकडं जाऊन कुंभाराकडं आवाज रेकॉर्ड करून आलो. त्यांनी आधी विचारलं कशाला, सांगितलं तर म्हणले मडकी वाजवायचे पण पैसे मिळायलेत का तुम्हाला. कच्चं मडकं वाजवताना माझ्या हातून एक फुटलं, त्याचे पैसे दिले, फुटायचा आवाज पण रेकॉर्ड झालाय. मागून त्यांची शेरडं ओरडायलेत ती कशी काढायची?

---

परभणी_पिक्सेल

शेरडं काढू नको. फाईल पाठव.